सप्टेंबरमध्ये जैवभार पाचपट, प्राणी मात्र चौथाई : कोणता आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. रत्नागिरीसमोर २५ मीटर पाण्यात तुमचं नमुन्याचं ठिकाण आहे. पाव चौरस मीटर तोंडाचं, २०० मायक्रॉन आसाचं (छिद्राचं) जाळं तुम्ही २३ मीटरपासून पृष्ठभागापर्यंत उभं ओढता. मे महिन्यात प्राणिप्लवकांचा (पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांचा) जैवभार, म्हणजे एकूण ऐवजाचं आकारमान, १०० घनमीटरमागे २४ मिली आणि दर घनमीटरला २,१०० प्राणी मिळाले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जैवभार १२० मिलीवर गेला, प्राणी मात्र फक्त ५३०. जाळ्यातून गेलेलं पाणी मोजणारा फ्लोमीटर बंद होता, म्हणून दोन्ही वेळा गाळलेलं पाणी दोराच्या लांबीवरून काढलं. आता एक जण म्हणतो पावसाळ्यात खालचं पोषक पाणी वर येतं, उत्पादन वाढतं, तेव्हा जैवभार खरा. दुसरा म्हणतो संख्या खरी, जैवभार चुकला. प्रबंधात काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते यातला कुठलाच आकडा अजून समुद्राचा झालेला नाही, दोन्ही आकडे अजून बरणीचेच आहेत. ते समुद्राचे करायला मध्ये तीन-चार पायऱ्या लागतात. आपल्या समुद्रात अडचण अशी की ऋतू पालटला की या पायऱ्याही पालटतात. पाणी गढूळ होतं, आस बुजतात, प्राणी वेगळ्या थरात जातात, बरणीत वेगळ्याच प्रकारचे जीव येतात. म्हणजे मेमधलं तुमचं जाळं आणि सप्टेंबरमधलं तुमचं जाळं हे एकच उपकरण नव्हतं. ऋतूंमधला फरक सांगण्याआधी त्यातला जाळ्याचा वाटा किती आणि समुद्राचा किती, हे वेगळं काढावं लागतं.

सुरुवात एका भागाकाराने करा. नवा नमुना आला की मी सर्वात आधी हेच करते. तुमच्या हिशेबाने जाळ्यातून ५.७५ घनमीटर पाणी गेलं (०.२५ गुणिले २३). म्हणजे मेच्या बरणीत १.३८ मिली ऐवज आणि सुमारे १२,००० प्राणी होते. एका प्राण्याच्या वाट्याला आलं साधारण ०.११ घनमिलीमीटर. एक मिलीमीटर लांबीच्या आसपासच्या कोपेपॉडला (प्लवकांतल्या इवल्या कवचधारी जीवाला) हे शोभतं. सप्टेंबरच्या बरणीत ६.९ मिली ऐवज आणि जेमतेम ३,०५० प्राणी, म्हणजे एका प्राण्यामागे २.३ घनमिलीमीटर. वीसपट! अकार्शिया, टेमोरा, पॅराकॅलॅनस या नेहमीच्या कोपेपॉडांपैकी कुणीही एवढं मोठं नसतं. तेव्हा सप्टेंबरच्या बरणीत असं काहीतरी आहे जे जागा भरपूर घेतं आणि मोजणीत मात्र थोडं येतं, किंवा मुळीच येत नाही. ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बरणी उजेडासमोर ठेवा. हलवू नका, अर्धा तास तशीच राहू द्या. तळाशी करडा, बारीक, बोटाला मेणचट लागणारा थर बसला तर तो गाळ. नद्यांनी आणलेला आणि लाटांनी तळातून उसवलेला. त्याच्यावर फिकट, दाणेदार थर कोपेपॉडांचा, आणि त्याच्याही वर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा धुरकट ढीग दिसला तर बहुतेक उत्तर तिथेच आहे. चमचाभर उचलून काळ्या कागदावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये पसरा. पिंपाच्या आकाराचे पारदर्शक जीव आणि त्यांच्या अंगाभोवती कड्यांसारखे स्नायूंचे पट्टे दिसले तर ती डोलिओलिड किंवा साल्प, म्हणजे जेलीसारख्या अंगाचे प्राणी. हे पट्टे डोलिओलिडमध्ये पूर्ण वळसा घेतात, साल्पमध्ये बहुधा पोटाकडे अर्धवट राहतात. पट्टे नसलेले, एका बाजूला खाच असलेले, अर्धा-एक मिलीमीटरचे गोल फुगे दिसले तर ती नॉक्टिल्युका. फॉर्मलिनमध्ये ती लवकर चुरगळते, म्हणून पुष्कळदा फुग्याऐवजी सुरकुतलेली सालंच हाती लागतात.

नॉक्टिल्युकाबद्दल जरा थांबून सांगते, कारण फसगत इथेच होते. ती एकपेशीय आहे, प्राणिप्लवकांच्या नेहमीच्या यादीत तिला रकाना नसतो, म्हणून मोजणारी व्यक्ती तिला सोडून देते. पण २०० मायक्रॉनच्या आसात ती अडकते आणि आकारमान मोजताना सगळीच्या सगळी हिशेबात येते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस हिरव्या नॉक्टिल्युकाचे मैलोगणती पट्टे पसरतात, आणि तिथले जैवभाराचे आकडे वाचताना हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते. दक्षिणेकडे पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतर तांबडी नॉक्टिल्युका येते. आकारमानात धरली तर संख्येतही धरा, नाहीतर दोन्हींतून काढा. एकात धरून दुसऱ्यात सोडली की तुमच्यासारखं कोडं पडणारच.

आता कार्बनकडे येते. तुम्ही आपल्याकडचे नेहमीचे गुणक वापरलेत: १ मिली विस्थापित आकारमान (ऐवज जेवढ्या पाण्याची जागा घेतो ते) म्हणजे ०.०७५ ग्रॅम शुष्क वजन, आणि शुष्क वजनाच्या ३४.२ टक्के कार्बन. प्राणिप्लवकांचे अभ्यासक एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेले हे गुणक भारतीय शोधनिबंधांत सर्रास वापरले जातात आणि कोपेपॉडांचं वर्चस्व असलेल्या मिश्र नमुन्याला ते ठीक बसतात. त्यांनी एका मिलीमागे सुमारे २५.७ मिलिग्रॅम कार्बन येतो. म्हणून तुमचा सप्टेंबर दर घनमीटरला ३१ मिलिग्रॅम निघाला आणि मे ६ मिलिग्रॅम. पण जेलीसारख्या प्राण्यांच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि उरलेल्या शुष्क वजनातही बराचसा भाग मिठाचा. समजा सप्टेंबरच्या आकारमानातले पाचांपैकी चार भाग साल्प आहेत. उरलेल्या ०.२४ मिलीचा कार्बन ६ मिलिग्रॅम. साल्पच्या ०.९६ मिलीचं ओलं वजन एक ग्रॅमच्या आतबाहेर, आणि त्यात हजारी दोन भाग कार्बन धरला तर तो २ मिलिग्रॅम. एकूण झाले ८. पाचपटीचा फरक सुमारे १.३ पटीवर आला, आणि समुद्रातला एक थेंबही बदलला नाही! साल्पचं प्रमाण मी इथे गृहीत धरलंय. तुमचं खरं प्रमाण तुमच्या बरणीत आहे, ते मोजा.

मोजायची रीत अशी. दोन सेंटिमीटरहून मोठा कुठलाही जीव, मग ती जेलीफिश असो, जवळा असो की माशाचं पिल्लू, आधी बाजूला काढून वेगळा नोंदवा. मग जेलीवाले जीव चिमट्याने किंवा छोट्या चमच्याने वेगळे करा. कंटाळवाणं काम आहे, एका बरणीला अर्धा दिवस जातो, पण याला पर्याय नाही. दोन्ही वाटे २०० मायक्रॉनच्या कापडाच्या तुकड्यावर घ्या आणि खालून टिपकागद लावा. वरून दाबू नका. दाबलं की साल्पच्या अंगातलं पाणी निघतं आणि प्रत्येकाच्या हाताप्रमाणे वेगळा आकडा येतो. नवा टिपकागद लावल्यावर ओला डाग उमटेनासा झाला की थांबा. मग ऐवज कोरड्या, अरुंद मोजपात्रात टाका आणि ब्युरेटने ठरलेल्या रेघेपर्यंत पाणी भरा. रेघेपर्यंत जेवढं पाणी कमी लागलं तेवढं प्राण्यांचं आकारमान.

इथे मेच्या आकड्याबद्दलही एक शंका आहे. तुमच्याकडे ५० मिलीचं मोजपात्र आहे आणि त्यावर एकेक मिलीच्या रेघा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यात १.३८ मिली कसं वाचलं? अशा पात्रात अर्धा मिली इकडेतिकडे सहज होतो, म्हणजे मेचा खरा आकडा ०.९ ते १.९ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. बरणी लहान असेल तर १० मिलीचं पात्र घ्या, किंवा सरळ शुष्क वजनाकडे वळा.

शुष्क वजनासाठी नमुन्याचा अर्धा वाटा बोटीवरच वेगळा काढायला हवा, फॉर्मलिन घालण्याआधी. फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या प्राण्यांतून द्रव्य पाझरून जातं. त्यांचं शुष्क वजन आणि कार्बन मोजून ताज्या नमुन्याशी तुलना करता येत नाही. ताजा वाटा आधी वजन केलेल्या गाळणकागदावर घ्या, मीठ जावं म्हणून डिस्टिल्ड पाण्याने झटकन एकदा धुवा, बर्फात आणा, ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पावसाळ्याच्या नमुन्यात त्यापुढे आणखी एक पायरी लागते. वाळलेला ऐवज ४५० ते ५०० अंशांच्या भट्टीत जाळा आणि राहिलेली राख वजा करा. गाळातली माती राखेत राहते, ती तुमच्या जैवभारात मिसळत नाही. कुजक्या पानांचे तुकडे आणि शेवाळाचे पुंजके मात्र प्राण्यांबरोबरच जळतात, म्हणून खाडीच्या मुखाजवळ ही पद्धतही पूर्ण सोडवणूक करत नाही. तिथे सूक्ष्मदर्शक हाच आधार.

फॉर्मलिनचा एक नेहमीचा घोळ इथेच सांगून टाकते. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनमध्ये सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. एक भाग फॉर्मलिन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी घेतलं की फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्के होतं. 'चार टक्के' वाचून कुणी शंभरात चार भाग फॉर्मलिन घातलं तर ताकद जेमतेम दीड टक्का राहते, आणि दाटीच्या बरणीत प्राणी महिन्याभरात सडू लागतात. तुमचा सप्टेंबरचा नमुना दाट होता. झाकण उघडल्यावर कुजका वास आला किंवा कोपेपॉडांचे मऊ अवयव गळालेले दिसले तर कमी संख्येचं एक कारण तिथेच असू शकेल. प्राण्यांचा ऐवज बरणीच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ठेवू नका. फॉर्मलिन बोरॅक्सने उदासीन करा, हातमोजे घाला, आणि हे काम बंद केबिनमध्ये करू नका.

आता मुख्य गोष्ट, जाळ्यातून नेमकं किती पाणी गेलं. दोराची लांबी गुणिले तोंड हे गणित जाळं स्वच्छ आणि पाणी निळं असताना कामचलाऊ चालतं. सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर डायटमचा (सूक्ष्म शैवालाचा) बहर असतो, कीटोसेरॉससारख्या साखळ्या आसात गुंततात, त्यावर गाळ बसतो. जाळं वर आल्यावर कापडावरून हात फिरवलात तर बुळबुळीत लागतं, आणि पाणी आसातून झिरपायच्या ऐवजी बादलीत असल्यासारखं साठून राहतं. असं जाळं पाणी गाळत नाही, समोरचं पाणी बाजूला ढकलतं.

फ्लोमीटर इथे किती उपयोगी पडतो ते आकड्यांतून बघा. जनरल ओशॅनिक्सच्या नेहमीच्या यांत्रिक फ्लोमीटरला साधा रोटर (पाण्याने फिरणारं पातं) असेल तर एका अंकाला ०.०२६८७३ मीटर पाणी जातं. २३ मीटरच्या ओढीत अडथळा नसेल तर आकडा साधारण ८५६ ने पुढे सरकायला हवा. समजा सप्टेंबरमध्ये तो ५१४ नेच सरकला असता, तर पाणी गेलं १३.८ मीटर, म्हणजे ५.७५ ऐवजी ३.४५ घनमीटर, साठ टक्के. तुमचे ५३० प्राणी लगेच ८८० होतात. जैवभारही त्याच पटीत वाढतो, हेही लक्षात ठेवा. ही दुरुस्ती फक्त आपल्याला हव्या त्या आकड्याला लावून भागत नाही.

फ्लोमीटर असला म्हणजे सुटलो असंही नाही. एका पावसाळी सफरीत आमच्या पहिल्या सहा ओढींचे आकडे दोराच्या लांबीपेक्षा जास्त यायला लागले. जाळ्यातून ओढलेल्या अंतरापेक्षा जास्त पाणी जाणं शक्यच नाही. दोन दिवस आम्ही जहाजाच्या वाहून जाण्याला दोष देत राहिलो. मग एका खलाशाने दाखवलं की जाळं कठड्याशी टांगून आम्ही दोराचा वेग ठरवत असतो तेवढ्यात वाऱ्यानेच रोटर फिरतोय. पहिला आकडा आम्ही त्याआधी लिहून ठेवलेला असायचा. सहाही ओढी रद्द कराव्या लागल्या आणि त्या ठिकाणांवर परत जाता आलं नाही, याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून रोटरमध्ये सुतळी अडकवतो आणि जाळं पाण्याला टेकताना ती ओढून काढतो. उभ्या ओढीत जाळं खाली जातानाही रोटर उलटा फिरतो, म्हणून उलट फिरणं रोखणारी खीळ असलेलाच फ्लोमीटर घ्या. आणि तो तोंडाच्या अगदी मध्यावर न बांधता मध्य आणि कडा यांच्या दरम्यान बांधा. वर्षातून दोनदा, कापड नसलेल्या नुसत्या कड्याला बांधून, शांत पाण्यात ठराविक अंतर ओढून तपासा.

वाऱ्याबरोबर दोराचा कोनही आला. पावसाळ्यात बोट वाहते आणि दोर तिरका जातो. २०० मीटर दोर सोडला आणि तो उभ्या रेषेपासून ४५ अंशांनी कलला तर जाळं १४१ मीटरवरच असतं. तुमच्या २५ मीटरमध्ये हा फरक लहान वाटेल, पण तळालगतचे तीन-चार मीटर सुटले तर दिवसा तळाशी बसणारे जीव सगळेच निसटतात. कोन मोजा, दोर वाढवा, ३० अंशांपुढे कोन गेला तर ओढ रद्द करा.

बुजण्यात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जाळं खालून वर येतं. म्हणजे तळाचं पाणी ते स्वच्छ आसाने गाळतं आणि पृष्ठभागाला येईपर्यंत बुजलेलं असतं. सप्टेंबरमध्ये प्राणी कुठे असतात? दक्षिणेकडून सुरू होणाऱ्या अपवेलिंगमुळे (खोल पाणी वर येण्यामुळे) कमी ऑक्सिजनचं खालचं पाणी शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर, चढतं, आणि त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्याची हलकी साय बसल्यामुळे ते वरून ढवळलं जात नाही. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून हे नियमित मोजत आली आहे. तिथे पंचवीस-तीस मीटर पाण्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तळाचा ऑक्सिजन संपत येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कधी कधी हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. अशा वेळी बहुतेक प्राणी वरच्या आठ-दहा मीटरांत दाटीने राहतात. म्हणजे तुमचं जाळं रिकाम्या पाण्यात उत्तम गाळत होतं आणि भरल्या पाण्यात पोचेपर्यंत त्याचा दम गेला होता. फ्लोमीटर पूर्ण ओढीची सरासरी सांगतो. हा दोष त्याला दिसत नाही.

तुमच्या आकड्यांवर हेच लावून पाहू. साठ टक्के गाळण धरून आलेले ८८० प्राणी २३ मीटरांवर पसरलेले आहेत. ते सगळे वरच्या ९ मीटरांत होते असं मानलं तर त्या थरात दर घनमीटरला २,२५० भरतात. मेचे २,१०० संपूर्ण स्तंभात पसरलेले होते. पाण्याच्या एका चौरस मीटरखाली मोजाल तर मेमध्ये ४८,००० आणि सप्टेंबरमध्ये २०,०००. म्हणजे एका मोजमापाने सप्टेंबर मेच्या बरोबरीचा आणि दुसऱ्याने निम्म्याहून कमी. दोन्ही बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. बांगड्याच्या पिल्लाला तोंडासमोर किती खाद्य मिळतं हे दर घनमीटरने कळतं. समुद्राच्या त्या तुकड्यात एकूण किती प्राणी जगतात हे दर चौरस मीटरने. प्रबंधात दोन्ही द्या, आणि थराची खोली त्यांच्या शेजारीच छापा. ऑक्सिजन, क्षारता आणि तापमान यांचा खोलीनुसार आलेख नसेल तर हा हिशेब करताच येत नाही, म्हणून सीटीडी (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) किंवा निदान ऑक्सिजनचा प्रोब आधी सोडा आणि जाळं नंतर.

खोल समुद्रात हाच मुद्दा केवढा मोठा होतो ते अरबी समुद्राच्या इतिहासातच दिसतं. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत सगळ्या जहाजांनी एकाच नमुन्याचं जाळं वापरलं. तोंड एक चौरस मीटर, आस ३३० मायक्रॉन, ओढ २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत. कोचीच्या केंद्रात त्या नमुन्यांतले प्राणी गटवार वेगळे केले गेले. एकसारखेपणासाठी हे फार मोठं काम होतं. पण अरबी समुद्रात १५० मीटरच्या आसपास ऑक्सिजन संपू लागतो, त्यामुळे ओढीचा खालचा भाग पुष्कळ ठिकाणी ओसाड पाण्यातून जायचा, आणि ३३० मायक्रॉनमधून लहान कोपेपॉड गळून जायचे. पुढे नव्वदच्या दशकात हव्या त्या खोलीवर उघडता-मिटता येणारी जाळी आली, थराथराने २०० मायक्रॉनने मोजता येऊ लागलं. तेव्हा मधुप्रताप आणि सहकाऱ्यांना दिसलं की वरच्या मिसळलेल्या थरातला मध्यम आकाराच्या प्राणिप्लवकांचा जैवभार ऋतूंबरोबर फारसा हलत नाही, वनस्पतिप्लवकांचं उत्पादन मात्र कितीतरी वर-खाली होतं. याला अरबी समुद्राचा विरोधाभास म्हणू लागले. उन्हाळ्यात, पाणी स्थिर आणि निकस असताना, जिवाणू आणि त्यांना खाणारे सूक्ष्मप्राणी कोपेपॉडांना पोसतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. तुमच्या मेच्या पाण्यातही असंच काही चालू असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. आणि म्हणूनच 'पावसाळा म्हणजे उत्पादन जास्त, म्हणजे जैवभार जास्त' हे गृहीत धरून आकडा निवडू नका.

मेच्या संख्येतही एक तूट आहे. उन्हाळ्याच्या पाण्यात लहान जीवांचं राज्य असतं. ऑयथोना, ऑन्सिया असे लहान कोपेपॉड, कोपेपॉडांची पिल्लं. जाळ्याचा आस प्राण्याच्या रुंदीच्या पाऊणपट असेल तर तो बहुतेक सगळा अडतो. दीडशे मायक्रॉन रुंदीच्या ऑयथोनाला शंभर-सव्वाशेचा आस लागतो, तुमच्या दोनशेतून ती सरळ निघून जाते. प्रत्येक ऋतूत निदान एकदा १०० मायक्रॉनची ओढ जोडीला घ्या आणि किती निसटतं ते पाहा. सप्टेंबरमध्ये ते जाळं चटकन बुजेल, म्हणून ओढ लहान ठेवा.

मोजणीबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्ही नीट केलेली दिसते. नमुन्याचे समान वाटे करणाऱ्या फोल्सम विभाजकाने सप्टेंबरचा आठवा आणि मेचा बत्तिसावा भाग घेऊन पावणेचारशेच्या आसपास प्राणी मोजलेत. चारशे मोजले की निव्वळ योगायोगाची चूक सुमारे दहा टक्के राहते. पण एखाद्या जातीचे वीसच मिळाले असतील तर तिची चूक पंचेचाळीस टक्क्यांवर जाते, त्या जातीवरून ऋतुबदल सांगू नका. खरा गोंधळ विभाजनात होत नाही, ओढीओढीत होतो. प्लवक थव्याने असतात. एकाच जागी लागोपाठ घेतलेल्या दोन ओढींत दुपटीचा फरक मी कित्येकदा पाहिलाय. तुमची प्रत्येक ऋतूत एकच ओढ आहे. पुढच्या वेळी तीन घ्या, शक्य असेल तर पाच, आणि लॉगॅरिथमवर सरासरी काढा.

वेळ आणि भरतीही लिहा. दिवसा ल्युसिफर (कोळंबीसारखा बारीक जीव), जवळा, मोठे कोपेपॉड तळाशी बसतात आणि रात्री वर येतात, शिवाय उजेडात त्यांना जाळं दिसतं आणि ते बाजूला होतात. मेची ओढ पहाटेची आणि सप्टेंबरची भर दुपारची असेल तर फरकातला काही भाग सूर्याचा आहे. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीने खाडीचं पाणी तुमच्या जागेवरून पुढे-मागे जातं, म्हणून प्रत्येक वेळी भरतीची तीच अवस्था धरा, आणि उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) तेही नोंदवा.

आणि एक कळकळीची विनंती. सप्टेंबरच्या नमुन्याला 'पावसाळा' म्हणू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत बरेच तांडेल बाहेर पडत नाहीत. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक अभ्यासांत 'पावसाळा' या रकान्याखाली खरं तर पावसाळ्याची शेपटी असते. ऐन जुलैतला पेनिलिया आणि इव्हाडनी या क्लॅडोसेरांचा (इवल्या पाणपिसवांचा) बहर अशा आकड्यांत दिसलाच नाही तर तो झाला नाही असं कसं म्हणणार? महिन्याचं नाव लिहा, रकान्याचं नाही.

हातातल्या बरण्यांचं काय करायचं ते सांगते. सप्टेंबरचा उरलेला वाटा काढा, जेली, नॉक्टिल्युका, गाळ आणि बाकीचे प्राणी असे चार वाटे करा, प्रत्येकाचं आकारमान वेगळं मोजा. मेची बरणीही त्याच दिवशी, त्याच पात्राने, त्याच हाताने पुन्हा मोजा. दोन्ही कोपेपॉड वाट्यांना नेहमीचे गुणक लावा, जेलीला वेगळे. गाळलेल्या पाण्याची खात्री आता करता येणार नाही, तेव्हा सप्टेंबरसाठी शंभर टक्के आणि साठ टक्के असे दोन्ही टोकांचे आकडे तक्त्यात द्या आणि साठ का धरलं ते खाली लिहा. येत्या सप्टेंबरमध्ये दुरुस्त केलेला फ्लोमीटर लावून वरच्या दहा मीटरांची एक ओढ आणि तळापासूनची एक ओढ अशी जोडी तीनदा घ्या. दोन्हींत दर चौरस मीटरला प्राणी जवळपास सारखेच भरले तर प्राणी वरच्या थरात होते, आणि गेल्या वर्षीची बरणी कशी वाचायची तेही तुम्हाला कळेल. वरच्या ओढीत जास्त भरले तर लांब ओढ वर येईपर्यंत बुजत होती. तसं झालं तर जाळंच बदला: लांब शेपटाचं घ्या, ज्याच्या उघड्या छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या पाचपटीहून जास्त असेल.